मुलुंड ते बोरिवली, ढालकिड्याच्या मागावर

न्यू जर्सीतल्या एडिसनहून भाचीचा व्हिडिओ आला. खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात, डाळिंबाचे दाणे दाबून बसवावेत तसे चाळीस-पन्नास लेडीबग एकमेकांना खेटून बसलेले. काचेपलीकडे बर्फ, अलीकडे हीटर आणि मधल्या बोटभर फटीत ही मंडळी. "मावशी, हे दर वर्षी येतात गं, काय करू?" हा भाचीचा प्रश्न सोपा होता. मऊ झाडूने पुठ्ठ्यावर घे आणि गॅरेजमध्ये सोड, एवढं सांगून भागलं असतं. पण शेवटी तिच्या सात वर्षांच्या मुलाचा आवाज आला, "मावशीआजी, तुमच्या मुंबईतले लेडीबग विंटरमध्ये कुठे झोपतात?"

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. किड्यांशी माझा संबंध आला तो कर्जाच्या निमित्ताने. २००२ साली मी सांगलीकडे बदलीवर होते आणि त्याच वर्षी तिकडच्या उसावर लोकरी मावा पडला. पानांच्या पाठीमागे कापूस पिंजून लावल्यासारखा पांढरा थर. शेतकरी वर्तमानपत्रात पानांचे तुकडे गुंडाळून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, "मॅडम, बघा, हप्ता कसा भरायचा?" एकदा तसल्याच एका पानावरून लाल, चकचकीत, मसुराच्या डाळीएवढा किडा चालत माझ्या लेजरवर आला. मी म्हणाले, "अय्या, लेडीबर्ड!" समोरचे आजोबा म्हणाले, "ढालकिडा हाय तो. आपल्या बाजूचा." पुढे लोकरी मावा आटोक्यात आणल्याचं श्रेय मुख्यतः डिफा नावाच्या पतंगाच्या अळीला गेलं, ढालकिड्याच्या वाट्याला फारसं आलं नाही. पण तो शब्द मात्र मी सांगलीहून मुलुंडला घेऊन आले.

तर प्रश्न आला जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी. मुंबईत 'कडाक्याची थंडी' सुरू होती, म्हणजे पारा पंधरा अंशांवर आला होता आणि आमच्या सोसायटीचा वॉचमन माकडटोपी घालून शेकोटीपाशी बसत होता. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२चा. एडिसनच्या पोराला हा आकडा सांगितला तर तो म्हणेल, आज्जी, हा तर आमचा छान दिवस. मग आमच्या ढालकिड्यांना झोपायची गरज तरी पडते का? घरात बसून उत्तर देण्यापेक्षा जाऊन बघावं म्हटलं. रविवारी मेगाब्लॉक आणि सोमवारी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, म्हणून दुसऱ्याच दिवशी, शनिवारी निघायचं ठरवलं.

वाट मोठी मजेची होती. मुलुंड आणि बोरिवली ही एकाच जंगलाची दोन दारं. मधे शंभरेक चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तुळशी आणि विहार तलाव, कान्हेरीच्या गुंफा आणि बिबटे. ढालकिड्याला जायचं तर डोंगरावरून सरळ दहा-बारा किलोमीटर. मला जायचं तर मुलुंडहून घाटकोपरपर्यंत धीमी लोकल, तिथून अंधेरीपर्यंत मेट्रो आणि अंधेरीहून बोरिवलीला पश्चिम रेल्वे. जंगलाखालून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे व्हायचे आहेत, ते होतील तेव्हा होतील.

पहिला मुक्काम घरापासून पाच मिनिटांवर, डोंगराच्या पायथ्याच्या मारुतीपाशी. शनिवार, त्यामुळे सकाळी सातलाच रांग. देवळाबाहेरच्या फुलवाल्या मावशी रुईच्या पानांच्या माळा ओवत होत्या. रुई त्यांना विकत आणावी लागत नाही. मागच्या नाल्याकाठी, राडारोड्याच्या ढिगांवर ती माजलेली असते. मावशी एकेक पान उलटून बघत, काही माळेत घेत, काही बाजूला टाकत.

"ही का टाकलीत?"

"किडा लागलाय ताई. देवाला कशी घालायची?"

नाल्याकाठच्या झुडपाजवळ उकिडवी बसले. कळ्यांच्या देठांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा ठासून भरला होता. हळदीत घोळल्यासारखा पिवळाधमक, पाय तेवढे काळे आणि पाठीच्या टोकाशी दोन बारीक काळ्या नळ्या. रुईवरचा हा मावा म्हणजे सगळ्या माद्या. नराचं काम नाही, अंड्यांचं झंझट नाही, थेट पिल्लं होतात, आणि पोटातल्या पिल्लाच्या पोटातसुद्धा पुढचं पिल्लू आकार घेऊ लागलेलं असतं. रुईचा चीक विषारी, पण हा तो खुशाल पितो आणि त्यातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो. जादा झालेला गोड रस थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. ज्वारीवर असा रस सांडला की आपल्याकडे 'चिकटा पडला' म्हणतात. त्या चिकट्यासाठी काळे मुंगळे देठावर खालीवर करत होते, राखण केल्यासारखे.

आणि मुंगळ्यांची नजर चुकवून, देठाच्या पलीकडच्या अंगाने, ढालकिडा. नारिंगी पाठ, तिच्यावर काळ्या नागमोडी रेघा. मुंबईत सगळ्यात जास्त दिसतो तो हाच, सहा ठिपक्यांच्या जातीचा. ठिपके कसले, एकमेकांना जोडून त्यांच्या लाटाच झालेल्या असतात. त्याने एक मावा पुढच्या पायांत धरला आणि कणीस खावं तसा एका टोकापासून चावत गेला. माव्याचे पाय थोडा वेळ हलत होते. मग तेही गेले. मी घड्याळ लावलं होतं. दुसरा धरायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. पूर्ण वाढलेला ढालकिडा दिवसाला चाळीस-पन्नास मावा सहज फस्त करतो, भुकेला असेल तर जास्तच.

त्या एका झुडपावर मी सतरा ढालकिडे मोजले. तीन जोड्या चक्क संसारात मग्न. म्हणजे झोपेचा प्रश्नच नव्हता. जानेवारीच्या मध्यात, नाल्याकाठी, दिवाळी चालली होती.

टाकलेल्या पानांतली दोन पिशवीत घातली आणि स्टेशनवर आले.

सीट मिळाली, भांडुप गेलं. पूर्वी या रुळांच्या कडेला पालक आणि लाल माठाचे वाफे असायचे, आता पुष्कळ ठिकाणी मोकळी जागा किंवा भिंत. खिडकीतून ते बघत मी एडिसनच्या खिडकीचा विचार करत होते. तिथे ढालकिड्याला झोपावं लागतं, कारण तिथे मावाच नाहीसा होतो. अन्न संपल्यावर झोपायला निघून चालत नाही. आधीच कळावं लागतं. ते कळतं दिवसाच्या लांबीवरून. न्यू जर्सीत जूनचा दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरचा सव्वानऊ तासांचा. दिवस आखडू लागला की मादी अंडी घालायचं थांबवते आणि मिळेल ते खाऊन अंगात चरबी साठवते. मग थवेच्या थवे आडोसा शोधत निघतात. एकदा बसले की श्वासोच्छ्वास मंदावतो, अंगात साखरेच्या जातीची द्रव्यं वाढतात आणि त्यामुळे शरीरातलं पाणी शून्याखालीही गोठत नाही. पाच-सहा महिने खाणं नाही, पिणं नाही, फक्त शिल्लक चरबी. बँकेतल्या माणसाला हे चटकन समजतं. आणि भाचीच्या हीटरचा घात इथेच होतो. ऊब लागली की त्यांना वाटतं वसंत आला. उठतात, फिरतात, शिल्लक लवकर संपवतात आणि फेब्रुवारीतच खिडकीखाली मरून पडतात. म्हणून गॅरेज.

तिच्या घरातली जात मुळात पूर्व आशियातली. अमेरिकेने ती पिकांवरच्या माव्यासाठी आणून अनेकदा सोडली आणि १९८८ साली लुइझियानात ती रुजल्याचं आढळलं. मायदेशी ती हिवाळ्यात फिकट रंगाच्या, उन्हाकडे तोंड केलेल्या कड्यांच्या कपारींत जाते. न्यू जर्सीत कडे कुठून आणायचे? ऊन खाणारी पांढरी भिंत दिसली की तिला तोच कडा वाटतो. एकत्र बसायचं ते वासाने. आधीच्यांनी सोडलेल्या गंधाच्या खुणा पकडून पुढची मंडळी त्याच जागी येतात, म्हणून भाचीकडे 'दर वर्षी'. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या दऱ्यांमध्ये दुसऱ्या एका जातीचे ढालकिडे एवढ्या संख्येने जमतात की लोक ते खोऱ्याने भरून बागवाल्यांना विकतात. आणि बागेत सोडले की ते उडून जातात, हा भाग वेगळा. आपल्या देशात हे बघायचं तर हिमालयात जावं लागेल. एम. एस. मणी या कीटकशास्त्रज्ञांनी वायव्य हिमालयात, झाडांची रेषा संपते त्याच्याही वर, दगडांखाली दाटीने बसलेल्या ढालकिड्यांच्या नोंदी केल्या आहेत.

मुंबई मात्र एकोणीस अक्षांशावर. इथला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा, सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा. एवढ्याशा फरकावर कोण कशाला सहा महिन्यांची रजा टाकेल?

घाटकोपरला पूर्वेला उतरले. तिथे माझी जुनी सहकारी राहते, मूळची भावनगरची, आणि तिच्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पंचवीस-तीस कुंड्या आणि थर्माकोलचे खोके. उत्तरायणाच्या सुमारास तिच्याकडे उंधियूला जायचं हा आमचा बँकेतला नेम निवृत्तीनंतरही टिकून आहे. उंधियूतली पापडी ती घरची लावते. दार उघडताच म्हणाली, "अगं, वर चल आधी. पापडीचं बघ काय झालंय."

पापडीच्या वेलावर काळा मावा. हाच चवळीवर पडतो, हाच मुंबईच्या डोंगरउतारांवरच्या उंदीरमारीच्या फुलांवर. शेंगांचे देठ काजळ फासल्यासारखे. ती हातात साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन तयारच होती. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. पानं उलटली. तिसऱ्या पानाखाली पिवळ्या, लांबट अंड्यांचा पुंजका, एकेक अंडं उभं, तांदळाच्या कण्या टोकावर उभ्या कराव्यात तसं. जरा वर दोन अळ्या. ढालकिड्याची अळी ज्याने पाहिलेली नाही त्याला ती शत्रूच वाटते. लांबट, राखाडी-काळी, पाठीवर काटेरी गाठी आणि पिवळे डाग, सहा पायांवर भराभर पळणारी. मैत्रिणीचा चेहरा पडला.

"अगं, या तर मी रोज चिरडते!"

तिला बोलायची सोय नव्हती, कारण तिचं दुःख त्याहून मोठं होतं. गेल्या वर्षी सोसायटीच्या कमिटीने डासांसाठी म्हणून फवारणीवाला बोलावला. त्याने उत्साहाने गच्चीही 'क्लीन' करून दिली. मावा दोन दिवसांत गेला आणि पंधरवड्यात दुप्पट होऊन आला, कारण एक मादी उरली तरी त्याला पुरते. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून पंख फुटेपर्यंत दोन-तीन आठवडे लागतात आणि जिथे खायला नाही तिथे त्याची मादी अंडी घालत नाही. त्या वर्षी उंधियूत बाजारची पापडी होती. ती सभेत बोलली, तर उत्तर मिळालं, "मॅडम, किडा म्हणजे किडा."

म्हणायला त्यांचंही अगदीच चूक नाही. शेजारच्या खोक्यातल्या वांग्यांवर दुसरा प्रकार होता. तोही गोल, तोही नारिंगी, ठिपके मात्र अठ्ठावीस. पानांचा हिरवा गर खरवडून शिरांची जाळी तेवढी शिल्लक ठेवलेली. हा ढालकिड्याच्याच कुळातला, पण शाकाहारी. ओळखायचा कसा? आपला ढालकिडा पॉलिश केल्यासारखा चमकतो. याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे तो मळकट, निस्तेज दिसतो. मैत्रिणीने चष्मा पुसून दोघांना आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे मी नको त्याला मारलं आणि हा खाऊन माजलाय." सांगलीच्या द्राक्षबागांतही हेच ऐकलं होतं. पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा सोडतात. तो १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला, कॉफीच्या मळ्यांसाठी. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी झाकलेली, हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी. नवखा बागायतदार पैसे देऊन आणलेल्या अळ्यांवरच औषध मारतो.

ऑस्ट्रेलियाचंच आणखी एक. १८८८ साली कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवलेकिडीने बसायची वेळ आली होती. आल्बर्ट कोबेले नावाचा माणूस ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून लाल-काळे ढालकिडे पाठवत राहिला. वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. किड्याने कीड मारायचं शास्त्र जगभर मान्य झालं ते तिथून. हे मी जेवताना सांगत होते आणि मैत्रीण मला तिसऱ्यांदा उंधियू वाढत होती. "खा, त्या किड्यांचं पुण्य तुला लागेल."

जड पोटाने मेट्रोत चढले. असल्फा गेलं, डोंगरावरची रंगवलेली घरं मागे पडली, आणि चकाल्याला समोरच्या कॉलेजकन्येने कानातलं काढून सांगितलं, "काकू, तुमच्या खांद्यावर लेडीबग आहे." गच्चीवरून आला असणार. मी बोटावर घ्यायला गेले, जरा दाबला गेला आणि त्याने पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतलं. बोटावर पिवळा थेंब उमटला. हे त्याचं रक्तच. गुडघ्यांच्या सांध्यांतून तो ते मुद्दाम काढतो. चव कडू, वास मटाराच्या शेंगा सोलताना येतो त्याच्या जवळपासचा, फक्त उग्र. द्राक्षांबरोबर चिरडला गेला तर वाईनला वास लागतो म्हणून अमेरिकेतले वाईनवाले याच्या नावाने बोटं मोडतात. मुलीने हुंगून नाक मुरडलं, फोटो काढला. मग ढाल मधोमध उघडली. खाली घडी करून ठेवलेले पंख, ढालीच्या दुपटीने लांब, साडीचा पदर झटकावा तसे बाहेर आले. ए.सी.च्या झोतात तो डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि पश्चिम द्रुतगती महामार्गाला कुणाच्या तरी बॅगेवरून उतरलाही असेल.

अंधेरीत गिल्बर्ट हिलवर जायचं मनात होतं, गावदेवीच्या देवळापर्यंत पायऱ्या चढायच्या होत्या. पण दोन वाजून गेले होते. साडेसहा कोटी वर्षांचा खडक आहे, थोडा थांबेल. बोरिवली लोकल पकडली.

बोरिवलीला उद्यानात शिरलं की जानेवारी दिसतो. मुलुंडच्या नाल्याकाठी तो दिसला नव्हता. सागाची पानं करवतीच्या भुश्यासारखी कोरडी वाजतात, सावरीला कळ्या धरलेल्या असतात, आणि तुळशी तलावाकडून येणाऱ्या दहिसर नदीत पाण्यापेक्षा दगड जास्त. दगडांमधून चालत गेले. दोन तासांत ढालकिडे किती दिसले? चार. त्यातला एक बिनठिपक्यांचा, लिंबाच्या रंगाचा, पानावरची पांढरी भुरी चरत होता; काही ढालकिडे बुरशीवरच जगतात. बाकी शुकशुकाट. मला आधी नवल वाटलं. मग लक्षात आलं, की जंगलातलं झाड शेंडे फुटायचं थांबवून बसलंय, त्याला कोवळा रस नाही, मग मावा नाही, मग ढालकिडा नाही. ढालकिड्याची मुंबई नाल्याकाठी, कुंडीत आणि राडारोड्यावर आहे. आपण पाणी घालतो म्हणून, आपलं सांडपाणी वाहतं म्हणून.

एका वळणावर एक लहान मुलगा ओरडला, "बाबा, लेडीबग! खूप लेडीबग!" मी धावतच गेले म्हणायला हरकत नाही. रानभेंडीच्या फुटलेल्या बोंडांवर लाल-काळ्या किड्यांची दाटी होती. पण ते लांबट होते, सोंडेवाले. लाल ढेकण्या, कापसावर येतात त्याच. बाबांनी विचारलं, "मृगाचा किडा का हो?" नाही, तोही नाही. मृगाचा किडा पहिल्या पावसात जमिनीतून निघतो, लाल मखमलीचा, आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला. काडेपेटीत गवत घालून आम्ही तो पाळायचो. लाल दिसलं की आपण हाताशी असलेलं नाव देऊन मोकळे होतो.

झोपलेली मंडळी भेटली ती अखेर ओढ्याच्या सावलीत, आणि ती फुलपाखरं निघाली. एका वाळल्या वेलीवर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो पंख मिटून ओळीने लोंबत होते. वेल हलली तसे निळे-काळे पंख एकदम उघडले आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा मिटले. पावसाळ्यानंतर उद्यानाच्या ओलसर घळींत ही फुलपाखरं अशी जमतात. अधूनमधून उठून खुळखुळ्याच्या सुकल्या झाडांवर नर झोंबतात आणि त्यातली अल्कलॉइड द्रव्यं शोषून घेतात, त्यावर त्यांची माद्यांना भुलवणारी गंधद्रव्यं बनतात. आयझॅक किहिमकरांसारख्या माणसांनी मुंबईकरांना हे बघायची सवय लावली. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं गोरेगावचं केंद्र याच जंगलाच्या कडेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत मॅग्नेटिक बेटावर यांचेच भाऊबंद कोरड्या ऋतूत असे थव्याने बसतात. तिथेही बर्फ नाही. अळ्यांना कोवळी पानं मिळणार नाहीत, म्हणून अंडी लांबवायची आणि ओलाव्याच्या जागी वेळ काढायचा. आपल्याकडची झोप ही अशी, तहानेची.

एका दगडावर बसून वही काढली. मग मुंबईच्या ढालकिड्याची वाईट वेळ कोणती? मे महिन्यात माव्याला ऊन सोसत नाही, त्याचे थवे आटतात. जूननंतर सरी त्याला देठावरून धुऊन काढतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी माझा मुलगा दादरहून रात्रभर चालत घरी आला. मसुराएवढ्या जिवाने काय केलं असेल? या महिन्यांत ढालकिडा सलग झोपून राहत नाही. पडेल ते खातो: परागकण, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, वेळ आली तर स्वतःच्या जातीची अंडी. उपाशी मादी पोटात तयार होत असलेली अंडी परत अंगात जिरवून घेते. एक-दोन इथे, एक-दोन तिथे, असे विखरून राहतात, आणि नोव्हेंबरात रुईला पिवळा मावा चढला की पुन्हा दिसू लागतात.

हे सगळं रात्री एडिसनला बोलून पाठवलं. सात वर्षांच्या माणसाला कितपत कळलं कोण जाणे. उत्तर आलं, "म्हणजे ते विंटरमध्ये पार्टी करतात?" मी लिहिलं, हो.

पिशवी रिकामी करताना मुलुंडची ती दोन रुईची पानं निघाली. फेकणार होते. एका पानाच्या पाठीमागे, मधल्या शिरेला, शेपटीच्या टोकाने घट्ट चिकटलेला कोष होता, वाटाण्याच्या फुटलेल्या डाळीसारखा, नारिंगी-काळा. फुलवाल्या मावशींनी किडक्यांत टाकलं म्हणून तो मारुतीच्या गळ्यात आणि तिथून निर्माल्याच्या पिंपात गेला नव्हता. पान पेल्यात उभं केलं.

मंगळवारी पहाटे कोष पाठीकडून उकलला. बाहेर आलेल्या किड्याला नारिंगी रंग नव्हता, रेघाही नव्हत्या. साय काढल्यावर दुधाचा जो रंग दिसतो तेवढाच पिवळसर, ओलसर. पंख बाहेर लोंबत ठेवून तो रिकाम्या कोषावर बसून राहिला. मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ, भुरभुर बर्फ. पोराने स्क्रीनला नाक लावलं.

"मावशीआजी, याचे स्पॉट्स कुठे गेले?"

"येतील. दोन-चार तास लागतात."

"मी जागा राहू?"

मागून भाची काहीतरी ओरडली. मी फोन पेल्याला टेकवून ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. चहा गाळून परत आले तेव्हा ढालीच्या मधल्या सांध्यावर, पेन्सिलने ओढावी तशी, पहिली करडी रेघ उमटली होती.